वक्ता : स्वतः

मंगळवारच्या वाचनाला दीड दिवस उरला होता आणि ‘माय’ या शब्दाची बारा कार्डे कमी पडत होती.

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या त्या कार्यालयात ही साधी गोष्ट नव्हती. तिथे प्रत्येक शब्दामागे पन्नास कार्डे लागत. पुढच्या बाजूला वाक्य आणि त्याचा अर्थ. मागच्या बाजूला वक्ता, स्थळ आणि वेळ. वाक्य कोणाच्या तरी तोंडून खरोखर निघालेले असावे आणि त्यातली हकिगतही खरी असावी, असा दंडक होता. मुख्य संपादकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. "कार्ड म्हणजे साक्ष," त्या बजावत, "आणि खोट्या साक्षीला या इमारतीत एकच शिक्षा आहे."

ती शिक्षा म्हणजे एक्स. त्या अक्षराची खोली जिन्याखाली होती. तिथे वर्षाकाठी चार शब्द येत, आणि खिडकी उघडत नसे. मागे एका सहसंपादकाने ‘हत्ती हळूच हसला’ हे वाक्य मनाने रचून कार्डावर घातले होते. तो त्या खोलीतूनच निवृत्त झाला. निरोपाच्या वेळी बोलायला उभा राहिला तेव्हा त्याला शब्दच सुचेनात, असे अजून सांगतात.

‘माय’ ज्याच्यावर सोपवला होता तो सहसंपादक एकोणतीस वर्षांचा होता. कार्यालयात त्याला स्वल्पविराम म्हणत. कारण प्रत्येक वाक्याच्या मध्यावर तो थांबे, आणि त्या थांब्यावर समोरचा माणूस बहुधा उतरून जाई.

"हा शब्द तुम्हालाच का दिला, ठाऊक आहे?" मोठ्या बाईंनी महिन्यापूर्वी विचारले होते.

"नाही, म्हणजे,"

"कारण तुम्ही हावरट नाही. हावरट माणसाच्या हाती ‘माय’ दिला की तो तीन पानं खातो. हे बघा, पूर्वी ‘माइन’ हा एकच शब्द होता. स्वराआधी त्याचा ‘न’ टिकला, व्यंजनाआधी झिजला. झिजून उरला तो ‘माय’. ‘माइन’ अजून एकटा उभा राहतो. ‘माय’ला पुढे कोणीतरी लागतंच. एकट्याचं त्याचं काही चालत नाही. लक्षात आलं?"

"आलं," तो म्हणाला. ते त्याच्या जरा जास्तच लक्षात आले होते.

घरी आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "माय म्हणजे मीच की. एवढ्याला पन्नास कार्डं कशाला?"

पण शब्द आईइतका सोपा निघाला नाही. महिनाभर तो बस थांब्यांवर, बँकेच्या रांगांत, दवाखान्यांच्या बाकांवर कान देऊन बसला. त्याला दिसून आले की हा शब्द मालकीच्या वस्तूंसाठी फारच थोडा वापरला जातो. लोक ‘माय बस’ म्हणत आणि जी त्यांची नाही व त्यांच्यासाठी थांबतही नाही, अशा बसमागे धावत. ‘माय बॉस’ म्हणत तेव्हा कोण कोणाच्या मालकीचा आहे याविषयी कोणालाच शंका नसे. ‘माय फॉल्ट’ मात्र महिनाभरात एकदाच ऐकू आले, तेही एका लहान मुलीकडून.

दातांच्या दवाखान्यात परिचारिकेने त्याला हटकले. "तुम्हाला काय होतंय?"

"काही नाही. मी फक्त, ऐकायला,"

"दात ऐकायला?"

अडतिसावे कार्ड दंतवैद्याने स्वतःच दिले : ‘गेट आउट ऑफ माय क्लिनिक.’ वक्ता, स्थळ, वेळ, सगळे चोख होते.

तिथून पुढे गाडी अडली. रविवारी संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहून, निदान आपल्याकडे माझे म्हणण्यासारखे काय आहे, याचा शोध घेऊ लागला. छत्री कोणीतरी विसरून गेलेली होती. शर्ट भावोजींचा होता. कपाचा कान आधीच्या भाडेकरूने मोडला होता, म्हणजे दुःखसुद्धा दुसऱ्याचेच. एकोणतीस वर्षे एका जगात राहून त्यातल्या कशावरही आपले नाव नसावे, याचे त्याला वाईट वाटले. आणि हे वाईट वाटणे तेवढे आपले आहे, हे जाणवून किंचित बरेही वाटले. पण ते कार्डावर घालण्याजोगे नव्हते.

नियमांत ‘स्वतः’ हा वक्ता मान्य होता. वाक्य मोठ्याने उच्चारले की निम्मी साक्ष खरी झाली. उरलेली निम्मी काळाच्या ओघात होईल, अशी त्याने मनाची समजूत घातली. खिडकीत नुसत्या मातीची एक कुंडी होती. तिच्याकडे पाहून तो इंग्रजीत म्हणाला, "माझी बाग लहान आहे." कोणी हसले नाही. धीर वाढला. "माझा कुत्रा अनोळखी माणसावर भुंकत नाही." मुळात कुत्राच नसल्यामुळे हे वाक्य त्याला बरेच सुरक्षित वाटले.

तिसऱ्या वाक्यात बायको आली आणि उरलेली दहाही कार्डे तिने ताब्यात घेतली.

"माझी बायको खिडकी उघडी ठेवू देत नाही. माझी बायको पेन्सिलीला दोन्हीकडून टोक करते. माझी बायको संत्र्याची सालं खणात ठेवते. माझी बायको वाचताना ओठ हलवते, आणि मी पाहिलं की थांबते. मला उशीर झाला की माझी बायको रागावते..."

हे सगळे कुठून सुचत होते कोण जाणे. जन्मात प्रथमच तो मध्ये न थांबता बोलत होता.

"कोणाशी बोलतोयस रे?" आतून आईचा आवाज आला.

"कार्डाशी."

"बरं. त्यालाही वाढू का जेवायला, विचार."

मंगळवारच्या वाचनाची तिथे एक रीत होती. सगळ्यांनी लांब टेबलाभोवती बसायचे, आणि कार्डांची कपाटे सांभाळणाऱ्या कपाटकाकांनी प्रत्येक कार्ड पुढून-मागून मोठ्याने वाचायचे. कोणाला शंका असेल तर त्याने टेबलावर टिचकी मारायची. कपाटकाकांचा आवाज असा की त्यांनी ‘वक्ता, स्वतः’ म्हटले की स्वतः वक्त्याला दचकायला होई. एकोणचाळिसाव्या कार्डाला बाग आली. चाळिसाव्याला कुत्रा. एकेचाळिसाव्याला काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अरे स्वल्पविरामा! लग्न उरकलंस आणि आम्हाला कार्डावरून कळतंय?"

"नाही, म्हणजे,"

"नाही म्हणजे?" मोठ्या बाईंनी वर पाहिले. "कार्ड खोटं आहे?"

उघड्या दारातून जिना दिसत होता, आणि जिन्याखालचा अंधारही.

"नाही. कार्ड, खरं आहे."

"मग अभिनंदन. वाचा पुढे."

पुढची नऊ कार्डे काकांनी चवीने वाचली. टिचकी कोणीच मारली नाही. समोरच्या खुर्चीत मुद्रितशोधिका बसली होती. छापायच्या मजकुरातल्या चुका शोधणे हे तिचे काम. दोन वर्षे ती त्याच्या समोरच्या टेबलाशी बसत होती, आणि त्या दोन वर्षांत दोघांत मिळून एकशे अकरा वाक्ये झाली होती. त्याने मोजली होती. शेवटचे कार्ड संपले. ती उठली आणि खिडकी लावून परत जागेवर बसली.

बुधवारी संध्याकाळी दारावर थाप पडली. आईने दार उघडले. बाहेर कपाटकाका होते, आणि त्यांच्या हातातल्या साखळीला वासराएवढा एक कुत्रा होता.

"नमस्कार ताई. चार दिवस लेकीकडे निघालोय. तुमचा भुंकत नाही, आमचा घाबरत नाही. म्हटलं, जोडी जमेल. सूनबाई कुठायत?"

"कोणाच्या?" आई म्हणाली.

"तुमच्या!"

आईने लेकाकडे पाहिले. लेक भिंतीत शिरण्याचा प्रयत्न करत होता. एकोणतीस वर्षांचा अनुभव पाठीशी असल्यामुळे तिला सगळे कळायला एक क्षण पुरला.

"बाहेर गेलीय," ती म्हणाली.

"आणि कुत्रा?"

"तिच्याबरोबर."

"आणि बाग हो?"

आईने इकडेतिकडे पाहिले. मग तिने खिडकीतल्या कुंडीकडे बोट दाखवले. "ती मात्र घरीच आहे."

"लहान म्हणजे फारच लहान हो," काका म्हणाले. "कार्ड अगदी खरं. बरं, शनिवारी सगळेच येतोय. मोठ्या बाईसुद्धा! त्या कधी कोणाकडे जात नाहीत. सूनबाईंना द्यायला शब्दकोशाचा पहिला खंड नव्यानं बांधून घेतलाय त्यांनी. मी परस्पर इथेच येतो. कुत्रा न्यायला आणि सूनबाई बघायला."

काका गेले. कुत्र्याने दोन खोल्यांची पाहणी केली, त्यातली बरी निवडली आणि तिथल्या बऱ्या पलंगावर तो आडवा झाला. आई स्टुलावर बसली.

"मला सून आली, कुत्रा आला, बाग आली. तेवढं मला सांगायचं राहून गेलं."

"आई, ते फक्त, कार्डावर,"

"कार्डावर! लहानपणापासून सांगतेय, बोलत जा, चार माणसांत बोलत जा. आणि बोललास तर हे बोललास?"

"आता काय करू?"

"शनिवारपर्यंत सून आण, नाहीतर शुक्रवारपर्यंत खरं बोल. दोन्ही जमत नसेल तर निदान त्या जनावराला माझ्या उशीवरून उठव."

तिसरी गोष्टही त्याला जमली नाही.

गुरुवारी दुपारी मुद्रितशोधिका त्याच्या टेबलाशी आली. हातात ‘माय’चे कच्चे पान होते आणि हिरवी पेन्सिल. आजवर ती पान नुसते ठेवून जात असे. आज तिने खुर्ची ओढली.

"काही शंका आहेत," ती म्हणाली. "तुमच्या मिसेस पेन्सिलीला दोन्हीकडून टोक का करतात?"

"एक मोडलं, तर दुसरं असावं म्हणून."

"आणि सालं खणात कशासाठी?"

"कागदांना जुनाट वास येतो ना, तो, जावा म्हणून."

"हं." तिने काहीतरी टिपले. "रागावल्या कधी?"

"बावीस तारखेला. मी साडेदहाला पोचलो होतो."

"सकाळी?"

"हो."

"सकाळी साडेदहाला घरी पोचलात?"

स्वल्पविरामाच्या पुढे या वेळी वाक्यच नव्हते. तिने पेन्सिल फिरवून दुसऱ्या टोकाने एक खूण केली आणि उठली.

"फार बारकाईनं बघता हो तुम्ही मिसेसकडे," ती म्हणाली. "नशीबवान आहे बाई."

तिच्या आवाजात काय होते ते त्याला उमगले नाही. तो आवाज थंड आहे एवढेच त्याने स्वतःला सांगितले, कारण दुःखाचा अर्थ त्याला नेहमी पटकन लागत असे. ती जागेवर जाऊन वाचू लागली. तो पाहत राहिला, आणि दोन वर्षे ज्या गोष्टीला त्याने मनातल्या मनातही नाव दिले नव्हते ती निमूटपणे त्याच्यासमोर येऊन बसली. गप्प राहिलो, तर ही रोज समोर असेल आणि आपल्याला जन्मभर दुसऱ्या कोणाचा तरी नवरा समजेल. खरे बोललो, तर जिन्याखाली जावे लागेल, आणि तिथून हे टेबल दिसत नाही. दोन्हीकडून गमावायचे तेच होते. फरक एवढाच, की एकीकडे ते खोटे बोलून गमावायचे होते.

शुक्रवारी सकाळी तो मोठ्या बाईंच्या खोलीत गेला. बाई पान तपासत होत्या.

"बाई, मला बायको नाही."

"अरेरे. कधीपासून?"

"पहिल्यापासून."

बाईंनी लेखणी खाली ठेवली. "बाग?"

"कुंडी आहे."

"त्यात काय लावलंय?"

"माती."

"आणि कुत्रा?"

"आहे. पण तो कपाटकाकांचा आहे. आणि तो माझ्या आईच्या पलंगावर आहे."

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिले. तो एकदाही अडखळला नाही, हे बहुधा त्यांच्याही ध्यानात आले असावे. मग त्यांनी घंटी वाजवून मुद्रितशोधिकेला बोलावले.

"‘माय’ची शेवटची बारा कार्डं आणा. खोटी आहेत. फाडून टाका."

मुद्रितशोधिका कार्डे घेऊन आली, पण तिने ती पुढे केली नाहीत. "बारा नाहीत, बाई," ती म्हणाली. "दोन. बाग आणि कुत्रा."

"आणि बायकोची दहा?"

"ती मी मूळ प्रतीशी ताडून पाहिली. बरीचशी जुळतात."

"मूळ प्रत? हे तर म्हणतात मूळ प्रत नाहीच! कुठे आहे ती?"

खोलीत संत्र्याच्या सालीचा मंद वास होता. मोठ्या बाईंची नजर तिच्या हातातल्या पेन्सिलीवर गेली. पेन्सिलीला दोन्हीकडून टोक होते. मग नजर दारापलीकडच्या बंद खिडकीवर गेली, आणि तिथून सावकाश परत येऊन तिच्या चेहऱ्यावर थांबली.

"अस्सं," बाई म्हणाल्या.

सगळ्यांत शेवटी ते त्याला कळले. ज्याने महिनाभर साऱ्या जगाचे बोलणे टिपले, त्याने स्वतः काय बोललो ते ऐकलेच नव्हते. त्याचे कान तापले. जिन्याखालची खोली आता त्याला फार दूर वाटू लागली. या क्षणी तो तिथे धावत गेला असता.

मुद्रितशोधिकेने कार्डे टेबलावर एकेक मांडली. प्रत्येकाच्या कडेला बारीक हिरव्या अक्षरांत शेरा होता. खिडकी : ‘बरोबर. पण सर्दीमुळे, स्वभावामुळे नव्हे.’ ओठ : ‘हलतात, हे बरोबर. थांबतात, हेही बरोबर.’ उशीर झाल्यावर रागावते : ‘चूक. त्या सकाळी बस कलंडल्याची बातमी आली होती. तो राग नव्हता.’ आणि दहाही कार्डांवर ‘बायको’ या शब्दाखाली एक रेघ होती, समासात दोनच शब्द :

‘घाई झाली.’

मोठ्या बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. या कार्यालयात त्यांनी अनेक वर्षे काढली होती. हत्ती हसल्याचेसुद्धा कार्ड त्यांनी पाहिले होते.

"नियम म्हणजे नियम," त्या अखेर म्हणाल्या. "एक्स. सहा महिने. आणि बारा कार्डं सोमवारी सकाळी मला हवीत. ऐकलेली आणि खरी."

"हो, बाई."

"शनिवारी आम्ही येणारच. पुस्तक बांधून झालंय, मी ते परत करणार नाही. तुमच्या आईंना देईन."

शनिवारी सगळे आले. आईने दार उघडले. मोठ्या बाई होत्या, त्यांच्या हातात विटेसारखा तो खंड होता. मागे कपाटकाका, आणि सर्वांत मागे, हातात संत्र्यांची पिशवी घेतलेली एक मुलगी. आईने एकदा पिशवीकडे पाहिले आणि एकदा लेकाच्या कानांकडे. रविवारची वाक्ये तिने आतल्या खोलीतून ऐकली होती, एकूण एक.

"ही कार्डावरची का?" तिने विचारले.

"आई!"

"बरं, नाही विचारत. ये गं आत. खिडकी लावून घेतलीय मी."

कपाटकाकांना घडलेला प्रकार सांगायला बाईंना थोडा वेळ लागला, आणि तो पचवायला काकांना त्याहून जास्त. "म्हणजे मी चार दिवस माझा कुत्रा एका वाक्याच्या भरवशावर ठेवला?" ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. कुत्र्याची काही तक्रार नव्हती. त्याने उशी सोडायला नकार दिला.

स्वयंपाकघरात, त्याच कुंडीपाशी, मुद्रितशोधिकेने पर्समधून कोऱ्या कार्डांचा गठ्ठा काढला.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "वक्ता, मुद्रितशोधिका. स्थळ, तुमचं स्वयंपाकघर. वेळ, आत्ता." आणि ती इंग्रजीत एकेक वाक्य सांगू लागली. माझा चहा गार झालाय. माझी पेन्सिल तुमच्या खिशात आहे. माझा डावा बूट कुत्र्यानं नेला. हे शेवटचे खरे आहे की नाही हे पाहायला तो बाहेर जाऊन आला, खरे होते. माझी सर्दी बरी आहे. माझी आई खूप प्रश्न विचारते. माझ्या आईला अजून काही माहीत नाही. अशी अकरा वाक्ये झाली. एकशे अकरात आता भर पडली, हे त्याने मनात टिपले आणि मग मोजणे सोडून दिले.

"बारावं?" त्याने विचारले.

तिने बाराव्या कार्डाच्या मागे हिरव्या पेन्सिलीने वक्ता म्हणून स्वतःला लिहिले. पुढची बाजू कोरीच ठेवली.

"हे घरी जाऊन आधी ऐकवावं लागेल," ती म्हणाली. "मग तुम्हाला."

सोमवारी मोठ्या बाईंनी कार्डे मोजली. अकरा वाचली, बारावे उलटसुलट केले.

"याच्यावर वाक्य कुठाय?"

"ते अजून ऐकायचं आहे, बाई."

"कधी ऐकणार?"

"ते माझ्या हातात नाही."

बाईंनी कार्ड त्याला परत दिले. "एक्सची मुदत सहा महिने आहे. एका शब्दाच्या एका कार्डाला त्याहून जास्त लागू नयेत. आणि त्यावर रचलेलं काही आलं, तर याहून खालचं अक्षर शिल्लक नाही."

त्याच दिवशी तो आपला कप आणि कोणाची तरी छत्री घेऊन जिन्याखाली गेला. दुपारी दारावर टकटक झाली. वर्षात चार शब्द येणाऱ्या त्या खोलीची पाने तपासायला हिरवी पेन्सिल घेऊन कोणीतरी आले होते, आणि तपासायला अजून एकही पान नव्हते.

त्याच्याआधी जे जे त्या खोलीत बसले, त्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी खिडकी उघडून मिळावी म्हणून अर्ज केल्याची दप्तरात नोंद आहे. त्याचा अर्ज मात्र कधीच आला नाही.